गावसांच्या चार ओळींची इन्क्वायरी

“राखणा म्हणजे मीच,” परब साहेब म्हणाले, आणि स्टेनोने टायपिंग थांबवून माझ्याकडे पाहिलं.

मी तिला मानेने खूण केली, टाईप कर. साक्षीदार जे बोलतो ते उतरवायचं, मग तो स्वतःला राखणा म्हणो नाहीतर राजा.

राखणा म्हणजे गुराखी. आणि परब साहेब म्हणजे एका सरकारी खात्याचे डेप्युटी डायरेक्टर. एसी केबिन, सरकारी गाडी, दाराबाहेर लाल दिवा. असा माणूस शपथेवर सांगतो की मी गुरं राखणारा आहे, आणि तोही भरदुपारी झोपलेला, तर त्यामागे काहीतरी घडलेलं असणार. ते पहिल्यापासून सांगतो.

मी निवृत्त अधिकारी. डिचोलीत राहतो. रिटायर झाल्यावर लोक देवस्थानची कमिटी धरतात, नाहीतर डॉक्टर. मला सरकारने इन्क्वायरी ऑफिसरच्या यादीत घातलं. एखाद्या सरकारी नोकरावर आरोप झाला की त्याला चार्जशीट देतात. मग दोन्ही बाजूंचं ऐकून आरोप सिद्ध होतो की नाही हे सांगायला माझ्यासारखा एक म्हातारा बसवतात. शिक्षा मी देत नाही. ती वरचे देतात. मी फक्त ‘सिद्ध’ किंवा ‘सिद्ध नाही’ एवढं लिहायचं, आणि का ते लिहायचं.

तोपर्यंत माझ्याकडे आलेल्या केसेस साध्या होत्या. रजा न टाकता घरी बसलेला, सरकारी जीपने लग्नाला गेलेला, साहेबाला शिवी दिलेला. कविता केलेला पहिलाच. कवितेशी माझं वैर नाही. पण आमच्या गोव्यात सरकारी ऑफिसात गेलात तर निम्मे लोक कवी असतात आणि निम्मे नाटकात काम करतात. ऑफिसचं काम कोण करतो, हे मला सर्व्हिसमध्ये असतानाही कधी कळलं नाही.

आरोपीचं नाव दिगंबर गावस, राहणार लाटंबार्से, वरिष्ठ लिपिक. शांत माणूस. फाईल त्याच्याकडे गेली की परत येते, एवढी त्याची कीर्ती होती आणि खात्यात ती पुष्कळ झाली. हेड क्लार्कच्या प्रमोशनला त्याचा नंबर लागला होता. पण इन्क्वायरी चालू असेपर्यंत प्रमोशनचा निर्णय बंद लिफाफ्यात घालून ठेवतात. निर्दोष सुटला तर लिफाफा उघडायचा. साधा ठपका जरी बसला तरी लिफाफा बाद, आणि खुर्ची खालच्याला. गावसांच्या खाली कामत बाई होत्या. गावसांची रिटायरमेंट जवळ आलेली. म्हणजे ही गाडी चुकली तर गावसांना दुसरी नव्हती.

आता गुन्हा ऐका. आमच्याकडे सरकारी ऑफिसात वर्षातून एकदा सत्यनारायणाची पूजा होते. यजमान म्हणून मोठे साहेब सपत्नीक बसतात, तीर्थप्रसाद होतो, जेवण होतं, आणि मग स्टाफचा कार्यक्रम. नाट्यगीत, फुगडी, कविता. एक छोटी स्मरणिकाही छापतात. त्या वर्षी गावसांनी माईकवर चार ओळी वाचल्या, आणि त्याच स्मरणिकेत होत्या:

वडाखाली राखणा निजला,
गोरवे गेली पिकल्या शेती;
पोटभर झाली, वळली मागे,
उभी राहिली त्याच्याभोवती.

गोरवे म्हणजे गुरं. संपली कविता. टाळ्या पडल्या. परब साहेबांनीही वाजवल्या. फोटोत दिसतात, पूजेचं सोवळं, कपाळाला गंध आणि टाळी. काही दिवस गेले, आणि अचानक साहेबांनी वर लिहून पाठवलं की सदर कवितेत वरिष्ठ अधिकाऱ्याचे झोपलेल्या राखण्याच्या रूपात चित्रण करून त्याच्या नजरेखाली इतर लोक चरत असल्याचे सुचविले आहे. वरच्यांनी कविता वाचली, आणि चार्जशीट निघाली.

चार्जशीटला पुरावा म्हणून कविता जोडावी लागते. जोडली. तिच्या प्रती या सेक्शनला, त्या सेक्शनला, माहितीसाठी, योग्य त्या कार्यवाहीसाठी. पूजेच्या हॉलमध्ये अर्ध्या लोकांनी जेवण अंगावर आल्यामुळे जी ऐकली नव्हती, ती कविता आता पणजीपर्यंत पोचली. मला एका ओळखीच्या अंडर सेक्रेटरीचा फोन आला.

“भाई, ही कविता आमच्या साहेबावर तर नाही ना?”

“चार्जशीटमध्ये परब लिहिलंय.”

“ते बरोबर. पण वाचल्यावर आमचाच दिसतो.”

दुसऱ्या खात्यातून तिसऱ्याच साहेबाचं नाव आलं. युनियनवाल्यांचा राग वेगळा होता. राखणा कोणी का असेना, गोरवे आम्हाला कोणाला विचारून म्हटलं? मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, लेखी द्या. लेखी कोणी दिलं नाही.

पहिल्या तारखेला मी गावसांना नियमाप्रमाणे विचारलं, “आरोप मान्य आहे?”

“कविता मान्य आहे. आरोप नाही.”

“मग कवितेचा अर्थ काय, तो सांगा. चार ओळींत लिहून द्या. मी आजच संपवतो.”

गावसांनी चार्जशीटचा कागद घडी करून ठेवला. मग म्हणाले, “साहेब, कवितेचा अर्थ कवीने सांगायचा नसतो.”

“तुम्ही इथे कवी म्हणून आलेला नाही. वरिष्ठ लिपिक म्हणून आलाय.”

“लिपिकाने ती लिहिली नाही, साहेब.”

माझं डोकं तापलं. त्यांच्या शेजारी त्यांचे डिफेन्स असिस्टंट फडते बसले होते. डिफेन्स असिस्टंट म्हणजे वकील नव्हे. आरोपीच्या मदतीला येणारा दुसरा नोकर, बहुधा रिटायर झालेला आणि नियम तोंडपाठ असलेला. फडत्यांनी हळूच माझ्याकडे बघून हात जोडले. त्यांचीही हीच तक्रार असावी.

सरकारची बाजू मांडायला नाईक बाई होत्या, प्रेझेंटिंग ऑफिसर. हुशार आणि कंटाळलेल्या. त्यांच्यापुढची अडचण मला पहिल्याच दिवशी दिसली होती. आरोप सिद्ध करायचा तर कोणीतरी शपथेवर म्हणायला हवं की ही कविता वाचली आणि मला परब साहेब झोपलेले दिसले. कुठला नोकर म्हणणार? साहेब अजून त्याच खुर्चीत होते आणि सगळ्यांचे सीआर, म्हणजे वार्षिक शेरे, त्यांनीच लिहायचे होते.

बाईंनी कामत बाईंना साक्षीला बोलावलं. गावसांचं प्रमोशन गेलं तर फायदा त्यांचाच, तेव्हा त्या बोलतील, असा हिशेब असावा.

“कविता ऐकून तुम्ही हसलात?”

“हसले.”

“कोण आठवलं?”

कामत बाईंनी पदर सारखा केला. “आमच्या घरातलं माणूस. जेवलं की सोफ्यावर. पोरं फ्रीज रिकामा करतात, तरी ह्यांना जाग नाही.”

“ऑफिसातलं कोणी?”

“ऑफिसात माझ्या घरचं कोणी नाही.”

पुढचे साक्षीदार तज्ज्ञ. एका कॉलेजचे निवृत्त प्राचार्य, मराठीचे. खात्याने त्यांना पत्र पाठवून खास बोलावलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, कविता वाचली, डोळे मिटले, आणि मला वाटलं आता यांच्यावरही एक कविता होणार.

“ही कविता वरवर ग्रामीण आहे,” ते म्हणाले. “राखणा म्हणजे विवेक. गोरवे म्हणजे इंद्रिये. विवेक निजला की इंद्रिये विषयांच्या शेतात शिरतात. आणि शेवटी तृप्त होऊन पुन्हा विवेकाभोवतीच उभी राहतात. हा अध्यात्माचा प्रवास आहे.”

फडते उलटतपासणीला उठले. “सर, म्हणजे यात परब साहेब नाहीत?”

“विवेक आहे.”

“तोच प्रश्न आहे, सर. परब साहेब आहेत की विवेक आहे?”

प्राचार्य गोंधळले. दोन्ही असू शकतात असं म्हणावं तर एक अडचण, नसू शकतात म्हणावं तर दुसरी. शेवटी म्हणाले की कवितेच्या पातळीवर व्यक्ती गौण असते. मी ‘व्यक्ती गौण’ असं टाईप करायला सांगितलं. परब साहेब मागे बसले होते, त्यांना ते आवडलं नाही.

उरले परब साहेब स्वतः. तुम्ही विचाराल, त्यांनी कशाला यायचं? यायलाच हवं. अपमान झाला म्हणणाऱ्यानेच नाही सांगितलं तर झाला कोणाचा? म्हणून त्यांनी ते पहिलं वाक्य म्हटलं, जे मी वर लिहिलंय. राखणा म्हणजे मीच.

फडते उठले. सावकाश उठतात ते. गुडघे.

“साहेब, पूजेच्या दिवशी तुम्ही टाळ्या वाजवल्या?”

“वाजवल्या.”

“तेव्हा राखणा कोण वाटला होता?”

“राखणाच.”

“मग कळलं कधी?”

परब साहेबांनी जनेलातून, म्हणजे खिडकीतून, बाहेर बघितलं. “नंतर.”

“कोणी सांगितलं?”

“तसं कोणी नाही.”

“साहेब, शपथ घेतलीय.”

आता इथे परक्या वाचकासाठी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावागावांत देवाला प्रसाद लावतात. लग्न ठरवायचं, विहीर खणायची, पोराला परदेशी पाठवायचं, काही अडलं की देवळात जायचं. भटजी देवाच्या अंगावर फुलं-पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, आणि सगळे श्वास धरून बघत बसतात. उजवीकडची पडली तर होय. डावीकडची पडली तर नाही. सुशिक्षित, अशिक्षित, सगळे लावतात. मीही लावला आहे.

परब साहेब पेडण्याचे. पूजेनंतरच्या रविवारी गावच्या देवळात आपल्या बदलीचा प्रसाद लावायला गेले होते. सोबत बायको. ऑफिसातल्या कोणीतरी तिला फोनवर सांगितलं होतं की त्या कवितेवर लोक हसतात. बदलीचं झाल्यावर ती म्हणाली, आलोच आहोत तर तेही विचारून घ्या.

“काय प्रश्न घातला?” फडत्यांनी विचारलं.

“की त्या कवितेतला राखणा म्हणजे मी काय.”

“आणि?”

“उजवा झाला.”

नाईक बाई उठल्या आणि म्हणाल्या की हे रेकॉर्डवर घेऊ नये. त्यांचं बरोबर होतं. फडते म्हणाले की घ्यावंच लागेल, कारण साहेबांकडे दुसरा आधार नाही. त्यांचंही बरोबर होतं.

मी पेचात. देवाची साक्ष सरकारी नियमांत बसत नाही; देवाला नोटीस काढता येत नाही आणि उलटतपासणीला बोलावता येत नाही. पण साक्षीदाराने शपथेवर सांगितलेलं पुसू कसं? आणि ठेवलं तर पुढचं फडत्यांना ठाऊक होतं. ते अगदी गोड आवाजात म्हणाले, “म्हणजे साहेब, तुम्ही झोपला होता आणि तुमच्या समोर बाकीचे चरत होते, हे गावसांनी म्हटलेलं नाही. देवाने म्हटलंय.”

परब साहेबांचं तोंड बघवेना. हो म्हणावं तर आपण ड्युटीवर झोपतो हे स्वतःच्या सहीने कबूल. नाही म्हणावं तर गावच्या देवाला खोटं पाडलं, तेही टाईप करून, तीन प्रतींत. त्यांनी पाणी मागितलं. मी चहाची सुट्टी दिली.

रेकॉर्डवर आम्ही मराठी बोलतो आणि चहाला कोंकणी, ही आमची पद्धत. पोर्चमध्ये साहेब कप घेऊन माझ्याजवळ आले आणि हळू म्हणाले, “भाई, एक विचारू? हांव न्हिदतां व्हय रे ऑफिसांत?”

मी झोपतो का रे, असं ते मला विचारत होते. मला त्यांची दया आली, खोटं कशाला सांगू. तक्रार करेपर्यंत त्यांना राग होता. आता त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, मी तुमच्या ऑफिसात कधी बसलो नाही. त्यांना ते उत्तर पुरलं नाही.

चहानंतर साहेबांनी सांगितलं की आपल्याला आणखी काही बोलायचं नाही. तिथे केस संपल्यातच जमा होती. मला फक्त निष्कर्ष लिहायचा होता, आणि तो असा लिहायचा होता की कोणालाही हरल्यासारखं वाटू नये. गावस सुटायला हवा. परब साहेबांची लाज राहायला हवी. देवाचा उल्लेख नको. दोन दिवस खपून मी एक वाक्य तयार केलं आणि त्यावर मी खूश होतो: सदर कवितेतून कोणताही अर्थ निघत नसल्याने त्यातून कोणाचा अपमान झाला असे म्हणता येत नाही, सबब आरोप सिद्ध होत नाही.

रिपोर्ट गेला. त्याची एक प्रत आरोपीलाही देतात, त्याला काही म्हणायचं असेल तर म्हणावं म्हणून. निर्दोष सुटलेला माणूस काय म्हणणार? तोवर कोणी काही म्हटलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सकाळी गावस घरी आला. हातात घरचे अळसांदे, म्हणजे आमची गावठी चवळी, पिशवी भरून. मी समजलो, आभार मानायला आलाय. बायकोला चहा ठेवायला सांगितला. इन्क्वायरी संपली की मी अहो-जाहो सोडतो.

“ये रे, बस. लिफाफा उघडतील आता. पेढे कधी?”

तो बसला नाही. “साहेब, ते वाक्य काढता येईल?”

“कुठलं?”

“कोणताही अर्थ निघत नाही, ते.”

मी हसलो. मग बघितलं की तो हसत नाही. “अरे, त्या वाक्यावर तर तू सुटलास.”

“सुटलो. पण ऑफिसात लोक म्हणतात, अर्थ नसलेली कविता केली म्हणून गावस वाचला. प्यून म्हणतो, कामत बाई म्हणतात. सरकारी कागदावर आलंय, साहेब. माझ्यामागे तेवढंच राहणार.”

“मग दुसरी कविता कर.”

“होत नाहीत. इतक्या वर्षांत ही एकच बरी झालीय.”

मला राग आला. अजूनही येतो. एवढी माणसं खपली, देवापर्यंत प्रकरण गेलं, आणि याला वाक्य खटकतं. मी म्हटलं, “आता मला एकट्याला सांग. रेकॉर्ड बिकॉर्ड काही नाही. राखणा कोण? परब?”

“नाही ओ. मी ही केली तेव्हा परब साहेब आमच्याकडे आलेसुद्धा नव्हते.”

“मग कोण?”

“आमच्या लाटंबार्श्याचा एक राखणा होता. दुपारचा वडाखाली निजला. गोरवां शेतात शिरली. मी बांधावर होतो, मी हाकललं नाही. ती पोटभर खाऊन आली आणि त्याच्या भोवती उभी राहिली. त्याला जाग आली नाही. कोणी कोणाला मारलं नाही, कोणी शिव्या दिल्या नाहीत. मला ते बघून इतकं बरं वाटलं, साहेब, की काय सांगू.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“गाढवा, हे पहिल्या तारखेला सांगितलं असतंस तर एका दिवसात सुटला असतास.”

“मग कविता एवढीच झाली असती.”

बायको चहा घेऊन आली होती. ती दारातच उभी राहून ऐकत होती. तिने कप त्याच्या हातात दिला आणि मला म्हणाली, “वाक्य काढून टाका ना हो.” मी दोघांनाही समजावलं की सही करून पाठवलेल्या रिपोर्टमध्ये इन्क्वायरी ऑफिसर खाडाखोड करू शकत नाही. आता जे म्हणायचं ते गावसानेच वर लिहून म्हणायचं. आणि खबरदार काही लिहिलंस तर, गप्प बैस, हेड क्लार्क हो, रिटायर हो. तो हो म्हणाला. चहा प्याला आणि गेला.

त्याने लिहिलं. फडत्यांनी मला फोन करून वाचून दाखवलं. मजकूर लहान होता. माझ्या कवितेला अर्थ नाही हा इन्क्वायरी ऑफिसरांचा निष्कर्ष मला मान्य नाही. कवितेला अर्थ आहे. तो चार्जशीटमध्ये लिहिला आहे तोच आहे. आपला नम्र, दि. गावस.

माणूस खोटं बोलून निर्दोष सुटलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. खोटं बोलून दोषी झालेला हा एकटाच. खरा अर्थ त्याने माझ्या घरच्या बैठकीत ठेवला आणि सरकारला परबांचा देऊन टाकला.

ऑर्डर निघाली. इन्क्वायरी ऑफिसरचा निष्कर्ष अमान्य. कविता अर्थपूर्ण असल्याचे आरोपीच्या कबुलीवरून दिसून येते. आरोप सिद्ध. शिक्षा, ठपका. ती सगळ्यात हलकी शिक्षा, पण लिफाफा बाद करायला पुरेशी. हेड क्लार्कच्या खुर्चीत कामत बाई बसल्या. गावस आपल्या जुन्या टेबलावर राहिला आणि तिथूनच तो रिटायर होईल. परब साहेबांची बदली झाली, त्यांनी मागितली होती तिथेच. जायच्या आधी ते गावसाच्या टेबलापाशी थांबले आणि ‘तू खरं बोललास’ असं म्हणून त्यांनी त्याचा हात हातात घेतला, असं फडते सांगतात. गावसाने तोही घेऊ दिला.

ती ऑर्डर माझ्याकडेही आली. ‘कविता अर्थपूर्ण’ या शब्दांखाली बायकोने पेन्सिलने रेघ मारली. मला विचाराल तर सगळा गाढवपणा. पण नवे इन्क्वायरी ऑफिसर कधी सल्ला मागायला येतात, तेव्हा मी नियम-बियम सांगत नाही. एवढंच सांगतो की आरोपीला वाचवायचं मनात आलं, तर आधी त्याला विचारून घ्या, त्याचं नक्की काय वाचवायचं आहे.